उसनं कलबूत

माझ्या दुकानात हीट प्रेसच्या डाव्या हाताला बाभळीचं एक कलबूत असतं. हा शब्द आता फारसा कुणाच्या तोंडी नाही. पगडी किंवा टोपी घडवताना आत घालायचा डोक्याच्या आकाराचा लाकडी ठोकळा, तो म्हणजे कलबूत. हे हातांच्या तेलानं काळं झालेलं आहे, एका बाजूला उभी बारीक चीर गेलेली आहे. ते माझं नाही. धुळ्याच्या एका शिंप्याचं आहे, आणि २०२२ च्या मे महिन्यात मी ते उसनं आणलेलं आहे.

जळगावात गोलाणी मार्केटच्या मागच्या गल्लीत आमचं छपाईचं दुकान. सासऱ्यांनी लग्नपत्रिकांवर सुरू केलं, माझ्या हातात आल्यावर ते टी-शर्ट आणि टोप्यांवर आलं. खान्देशात टोप्यांचा हंगाम उन्हाळ्याचा. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, कपाशीच्या बियाण्याची खरेदी तोंडावर असते, आणि बियाणं, खत, ठिबक विकणाऱ्या प्रत्येकाला शेतकऱ्याच्या डोक्यावर आपलं नाव हवं असतं. त्या वर्षी बियाण्याच्या एका विक्रेत्यानं मला ३०० टोप्या सांगितल्या. साध्या मऊ नव्हेत. सहा कळ्यांच्या, पुढच्या दोन कळ्यांना आतून बकरम लावलेल्या, डोक्यावर नसतानाही ताठ उभ्या राहणाऱ्या कडक टोप्या.

टी-शर्ट सपाट असतो. त्यावर फिल्म ठेवायची, वरून तापलेली प्लेट दाबायची, पंधरा सेकंदांत काम होतं. टोपी कुठूनच सपाट नाही. तिच्यासाठी प्रेसला खाली बाकदार गादी आणि वर तशीच बाकदार प्लेट असते, आणि मला वाटलं होतं की एवढ्यानं भागेल. पहिल्या रात्री मी ६० टोप्या काढल्या. सकाळी पाहिलं तर जवळजवळ प्रत्येकीवर मधल्या शिवणीच्या बाजूला एक आडवी सुरकुती, आणि तीही नेमकी अक्षरांवरून गेलेली. काहींच्या चोचीच्या वर खळगा पडला होता. मी ताप कमी केला, तर छापाच्या कडा उचलल्या. दाब वाढवला, तर सुरकुती आणखी खोल गेली आणि कापडावर तकाकी आली. वेळ कमी-जास्त करून पाहिली. ताप, दाब आणि वेळ या तीन आकड्यांत उत्तर दडलंय या समजुतीनं मी चार रात्री जागले. विक्रेत्यानं नमुन्याच्या ४० टोप्या परत पाठवल्या. त्याचं चुकलं नव्हतं, त्याचं नाव चुरगळलेलं होतं.

त्याच आठवड्यात धुळ्याला मावसबहिणीचं लग्न होतं. जावंसं वाटत नव्हतं, पण मावशीनं वाढवलेलं, न जाऊन चालणार नव्हतं. पिशवीत आहेराबरोबर खराब झालेल्या दोन टोप्या टाकल्या. का टाकल्या ते आजही सांगता येणार नाही. एरंडोल, पारोळा करत एसटी दुपारी धुळ्याला पोचली.

जुन्या धुळ्याच्या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्जनं हे गाव आखून वसवलं, म्हणून गल्ल्या दोरीनं मारल्यासारख्या सरळ जातात. मावशीच्या गल्लीत तिच्या शेजारच्या ओट्यावर आबा बसायचे. आडनावाची गरज कुणाला पडली नाही, गल्लीभर ते आबाच. वय अठ्ठ्याहत्तर. पुढ्यात पायाचं मशीन, मागे भिंतीवर टांगलेल्या पांढऱ्या टोप्या. त्यांचे वडीलही टोप्याच शिवायचे. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. नेहरू अध्यक्ष होते, नंदलाल बोसांनी बांबूतून तिलकनगर सजवलं होतं. त्या हिवाळ्यात वडिलांनी खादीच्या टोप्या शिवता शिवता दिवस-रात्र एक केली, असं आबा सांगायचे. त्यांचा जन्म नंतरचा, पण सांगताना ते स्वतः तिथं दोरा ओवत बसल्यासारखे सांगायचे.

लग्नघरातली गडबड टाळून मी त्यांच्या ओट्यावर टेकले आणि टोपी त्यांच्या हातात दिली. त्यांनी छापाकडे पाहिलंच नाही. टोपी उलटी केली, आतून अंगठा फिरवला आणि घामपट्टीपाशी थांबले.

"आठे पायरी शे," म्हणाले.

मी घामपट्टी आत दुमडलेली ठेवूनच दाबत होते. तिच्या कडेपाशी कापडाची जाडी एकदम बदलत होती, आणि वरून दाब आला की त्या पायरीवर कापड मोडत होतं. चार रात्रींत मला हे दिसलं नव्हतं. त्यांच्या अंगठ्याला ते क्षणात कळलं.

मग त्यांनी विचारलं, "गरम टोपी तू कोठे ठेवस वं माय?"

टेबलावर, म्हणाले मी. एकावर एक.

"मंग घडी तठेच पडनी. ताव लागस तवय कपडा मऊ व्हस. थंडा व्हस तवय याद ठेवस."

हीट प्रेस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांना खळ माहीत होती. खळ दिलेली टोपी ओली असतानाच हातानं ओढून आकारात वाळवायची असते, वाळताना ती जशी पडेल तशीच राहते. बकरम म्हणजे तरी काय, विरळ विणीचं कापड, खळीनं किंवा चिकट लेपानं ताठ केलेलं. उष्णता लागली की लेप ढिला होतो, निवला की ज्या आकारात असेल त्यात धरून बसतो. मी दोष प्रेसमधल्या पंधरा सेकंदांत शोधत होते. तो त्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांत होता. जळगावच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात पंखासुद्धा गरम वारा घालतो. तिथं टोपी लवकर निवत नाही, मऊ असतानाच स्वतःच्या वजनानं बसते, आणि वर मी तिच्यावर दुसरी ठेवत होते. हिवाळ्यात केलेल्या चार-दोन टोप्या चांगल्या का निघाल्या होत्या, तेही मला तिथंच उमगलं.

लग्नाचे दोन दिवस मी अर्धाअधिक वेळ त्यांच्या ओट्यावर होते. मावशी रागावली, नंतर तिनंच चहा पाठवला. आबांनी माझी मोडलेली टोपी कलबुतावर चढवली, ओलं फडकं घातलं, वरून इस्त्री टेकवून वाफ दिली, आणि इस्त्री उचलून तळव्यांनी टोपी दोन्ही कानांकडे ओढून धरली. धरूनच बसले. बोलत होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारत होते, हात मात्र हलू दिला नाही. उतरवली तेव्हा सुरकुती नव्हती. मग मला करायला लावलं. मी लवकर सोडायचे, ते मान हलवायचे.

निघताना मी पैसे पुढे केले. त्यांनी हात मागे घेतला. दोन्ही मुलं नाशिकला नोकरीला, कलबूत आता कुणी उचलणार नव्हतं. तरी "घेऊन जा" असं ते म्हणाले नाहीत. "उसनं ने" म्हणाले. त्या शब्दाचा अर्थ मी एसटीत बसल्यावर लावत राहिले. देऊन टाकलं असतं तर व्यवहार तिथंच संपला असता.

परत आल्यावर बाकीचं मी माझ्या यंत्राच्या भाषेत बसवलं. घामपट्टी पूर्ण बाहेर उलटायची. टोपी गादीवर ओढून बसवायची, मागचा पट्टा इतका ताणायचा की पुढच्या कळ्यांवर चिमटीत कापड येऊ नये. छापायच्या आधी तीन-चार सेकंद कोरडीच दाबायची, म्हणजे कापडातली ओल निघून जाते. पावसाळ्यात हे चुकवून चालत नाही. छाप सव्वादोन इंचांहून उंच घ्यायचा नाही, चोचीपासून अर्धा इंच सोडायचा, कारण तिथंच बाक सगळ्यात तीव्र असतो. ताप दीडशे अंशांच्या आसपास, दाब मध्यम, दहा-बारा सेकंद. छाप रुंद असेल तर एकदम न दाबता मध्य, डावा, उजवा असा तीनदा. फिल्म निघाल्यावर वर सुती फडकं ठेवून आणखी पाच सेकंद, म्हणजे तकाकी येत नाही. आणि प्रेस उघडला की टोपी सरळ कलबुतावर.

पण कलबूत एक आणि टोप्या ३००. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, ३ मे रोजी होऊन गेली होती. पितरांसाठी भरायच्या लहान घागरी कुंभाराकडे उरल्या होत्या. मी टोपी घालून घालून मापाच्या आठ निवडल्या आणि टेबलावर पालथ्या मांडल्या. मातीचं मडकं ओल शोषतं, अंगानं थंड राहतं, टोपी त्यावर लाकडापेक्षाही लवकर निवते. तिसऱ्या रात्री ऑर्डर पूर्ण झाली. विक्रेत्यानं एकही टोपी परत पाठवली नाही, पुढच्या वर्षी तोच पुन्हा आला.

आबांना मी त्यातली एक नेऊन दिली. त्यांनी अंगठा आतून फिरवला, घामपट्टीपाशी थांबले, पुढे गेले. बोलले काहीच नाहीत. माझ्या कामाची एवढी मोठी पावती मला दुसरीकडे कुठंच मिळालेली नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात आबा गेले. मी कलबूत फडक्यात गुंडाळून धुळ्याला गेले आणि त्यांच्या पत्नीच्या, आजींच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी ते उचलून पाहिलं, चिरेवर बोट फिरवलं आणि परत फडक्यात बांधून माझ्या पिशवीत घातलं.

पुढच्या आखाजीला, १० मे २०२४ ला, माझ्या घरी सासऱ्यांची घागर भरत होते. मनात आलं, आबांचीही भरावी. पण मी त्यांच्या रक्ताची नाही, मला तो अधिकार आहे की नाही कळेना. आजींना फोन लावून विचारलं.

"आमनाकडे भरेल शे," त्या म्हणाल्या. "तू जेवाले ये."

आखाजीला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी जातात. माझे आई-वडील जाऊन बरीच वर्षं झाली, मावशीही आता मुलाकडे पुण्याला असते. त्या दिवशी प्रेस बंद ठेवून मी दहाची गाडी पकडली. आजींनी पुरणपोळी आणि आमरस वाढला. जेवण झाल्यावर ओट्यावर बसून त्यांनी पिशवीतून कलबूत काढायला लावलं, वाटीत तिळाचं तेल आणलं, आणि आम्ही दोघींनी मिळून ते चोळलं. चिरेत तेल मुरायला वेळ लागतो. संध्याकाळच्या गाडीपर्यंत ते उन्हाआड, मशीनच्या पाटावर ठेवलं होतं.