पहाटेचं रॉकेट आणि उजळलेला धूर

ऊस कारखान्याला गेला, ज्वारी राखायला धाकटा भाऊ होता, म्हणून जानेवारी २०२५ मध्ये आम्ही नऊ जण क्रूझर करून बालाजीला गेलो. दर्शन झाल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, २९ तारखेला सकाळी ६ वाजून २३ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून रॉकेट सुटतंय. तिथून सुटणारं शंभरावं. इथून काय लांब नाही."

मला जायचं वेगळंच कारण होतं. मागच्या साली आमच्या बांधाची मोजणी झाली. काठीला टोपी घातल्यासारखं यंत्र असतं, रोव्हर म्हणतात. ते उपग्रहांवरून जागा धरतं. दोन पिढ्या भांडलेला बांध अर्ध्या दिवसात ठरला. सव्वा गुंठा चुलतभावाकडे गेला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आणि या रॉकेटात जो उपग्रह होता, एनव्हीएस-०२, तो त्याच जातीचा, जागा सांगणारा, आपल्या 'नाविक'चा. वजन २२५० किलो. म्हटलं, माणसाची जमीन ठरवणारं हे वर जातं तरी कसं ते बघू.

सुळ्ळूरपेटच्या पुढं पुलिकतच्या पाण्याकडेला उभे राहिलो. गार वारा, उगवतीला नुसतं तांबडं फुटलेलं. आधी क्षितिजावर पिवळा उजेड झाला, मग तो वर सरकू लागला. आवाज अजिबात नाही. वीज चमकल्यावर आपण मोजतो तसं मी मोजत राहिलो. सत्तावन्नला गडगडाट आला, छातीत बसणारा. म्हणजे एकोणीस-वीस किलोमीटर अंतर.

पण खरं बघण्यासारखं पुढं होतं. जीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याच्या मधल्या भागात घन इंधन असतं, त्यात अ‍ॅल्युमिनियमची भुकटी. ती जळून दाट पांढरा धूर मागं राहतो. सूर्य उगवायला दहा-बारा मिनिटं होती. आम्ही अंधारात, खालचा धूरही राखाडी, आणि वरचा धूर एकदम सोन्यासारखा पेटला. डोंगराच्या शेंड्यावर ऊन आधी पडतं अन् खोऱ्यात उशिरा, तसंच हे. शिवाय प्रत्येक उंचीवर वारा वेगळ्या दिशेचा, त्यामुळं सरळ रेघ बघता बघता नागमोडी झाली. एकाच आभाळात एवढे वारे वाहतात हे फवारणी करताना खालून कळत नाही.

फोटोचं सांगतो, बरेच जण विचारतील. मोबाईल आपोआप उजेड वाढवतो आणि ज्वाळेचा नुसता पांढरा गोळा होतो. म्हणून पडद्यावर उजळ भागावर बोट दाबून धरायचं, कुलूप आलं की उजेड खाली ओढायचा. झूम करायचं नाही. मोबाईल गाडीच्या टपावर टेकवायचा. आणि रॉकेट दिसेनासं झालं की लोक गाडीत बसतात, तसं बसायचं नाही. धुराचे रंग त्यानंतरच चढतात. घरची म्हणत होती, "अहो, जरा डोळ्यांनी पण बघा." बघितलं.

रॉकेटनं काम चोख केलं, उपग्रह ठरल्या कक्षेत सोडला. पण २ फेब्रुवारीला इस्रोनं सांगितलं की उपग्रहाच्या इंजिनाला ऑक्सिडायझर सोडणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत, त्यामुळं त्याला वरच्या कक्षेत नेता आलं नाही. मला दोन दिवस चुटपुट लागली. मोटर, पाइप सगळं धड आणि वॉल्व उघडेना, हे दुःख शेतकऱ्याला समजावून सांगायला नको.

फोटो मी भावकीच्या ग्रुपवर टाकले होते. रात्री चुलतभावाचा मेसेज आला, वर्षात पहिला: "आवाज किती वेळानं आला?"

मी लिहिलं, सत्तावन्न मोजले. त्याला तिसरा फोटो मोठा करून पाठवलाय. खाली तोच आहे, तुम्हीही बघा.