वीतभर विमान

निवृत्त झाल्यावर माणसाने काय करावे, याविषयी तो निवृत्त माणूस सोडून बाकी सर्वांची मते ठरलेली असतात. वांगणीच्या बाजारातून मी रोज ताजी भाजी आणावी, असे आमच्या कुटुंबाचे मत. गेल्या दिवाळीत सुट्टीला आलेला नातू म्हणाला, "आजोबा, यंदा किल्ल्याऐवजी विमान करू या." आणि त्याच्या मामाने विलायतेहून धाडलेले खोके त्याने माझ्यापुढे ठेवले.

खोक्यात होते 'वापिटी'चे सुटे भाग. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातले, एकावर एक पंख असलेले हे लष्करी विमान. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिघ रोड तळावर आपल्या हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली, ती अशा ४ विमानांनिशी. बरोबर ६ अधिकारी आणि १९ हवाई शिपाई. शिवाय हे विमान आपल्यासारखेच मध्यमवर्गीय! पहिल्या महायुद्धातल्या 'डी. एच. ९ ए' विमानांचे सुटे भाग शिल्लक होते. ते वाया जाऊ नयेत म्हणून त्यांचेच पंख लावून १९२७ साली हे नवे बेतले. थोरल्याची विजार आटवून धाकट्याला शिवावी, तसे. मला ते तिथेच आवडले.

मूळ पंखांचा पसारा १४ मीटरांचा. त्याचा बहात्तरावा हिस्सा म्हणजे जेमतेम वीतभर. खालचा पंख सहज बसला. वरचा मात्र काडीएवढ्या खांबांवर तोलायचा. एक खांब उभा करावा, तो दुसरा कलंडे. हा गोंद प्लॅस्टिक विरघळवून सांधतो, त्यामुळे चूक कायमची राहते. माझ्या अंगठ्याचा ठसा त्या विमानावर अजून आहे! चौथ्या संध्याकाळी पंख बसला. मग ताणाच्या तारा. नातवाने युक्ती सांगितली. उरलेल्या चौकटीचा तुकडा पणतीवर मऊ करायचा आणि ज्योतीपासून दूर घेऊन हळूच ओढायचा. केसासारखा धागा निघतो. तारा चिकटवून होताच मी हुकूम काढला, "कोणीही हात लावायचा नाही!"

पाडव्याला शेजारचे गृहस्थ फराळाला आले. वांगणीत दृष्टिहीनांची अनेक कुटुंबे आहेत, त्यांतलेच हे एक. दिवसभर लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकतात.

"काका, विमान केलंत म्हणे? आवाज जन्मभर ऐकतोय, पण ते असतं कसं, हे कुणी नीट सांगितलंच नाही. बघू?"

'बघू' म्हणजे काय, ते मला कळले. माझ्या तोंडून 'नको' निघणार, इतक्यात चिवड्याची बशी ठेवता ठेवता कुटुंब म्हणाले, "द्या की."

त्यांची बोटे विमानावरून फिरू लागली. "हे तोंड. एक, दोन... नऊ?"

"नऊ नळकांड्यांचं इंजिन आहे."

"आणि मागे दुसरी जागा! अन् काका, वरचा पंख डावीकडे जरा उतरलाय."

मी चष्मा लावून पाहिले. उतरला होता!

तेवढ्यात टक् असा बारीक आवाज झाला. दोन तारा तुटल्या होत्या. "तुटलं?" त्यांनी चटका बसावा तसे हात मागे घेतले.

खरे सांगतो, मला राग आला. मग माझे लक्ष त्यांच्या हातांकडे गेले. दोन्ही मांडीवर घट्ट मिटलेले, शाळेत छडी खाल्लेल्या मुलासारखे. आयुष्यात त्यांना किती जणांनी 'हात लावू नका' म्हटले असेल! आणि आता मीही त्या रांगेत उभा राहणार होतो.

"तुटू द्या हो," मी म्हणालो, "शेपटी राहिलीय, ती बघा."

दुसऱ्या दिवशी कुटुंबाने शिवणाच्या डब्यातून नायलॉनचा धागा काढून दिला. सगळ्या तारा मी नव्याने बांधल्या. आता त्या बोटांना दाद देत नाहीत. काचेच्या कपाटाचा बेत रद्द झाला. विमान दाराजवळच्या टेबलावर असते, आणि येणारे-जाणारे ते हातात घेऊन बघतात.

परवा डोक्यावरून विमान गेले. शेजारी थबकले, मान वर करून ऐकत राहिले.

"काका, आताच्या विमानांना एकच मजला असतो ना?"

"एकच."

"मग यंदा ते करा."

खोके मागवले आहे. भाजी आणायला अर्थातच वेळ नाही!