रात्रीची पाळी

पैनगंगेच्या काठच्या गावांत हळदीला पाणी द्यायला माणसं रात्री उठतात, यात नवल काही नाही. शेतीच्या फिडरला थ्री फेज कधी दिवसा मिळते, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की मोबाइलला गजर लावायचा आणि बॅटरी घेऊन, विंचूकाट्याची वाट तुडवत मोटर सुरू करायला निघायचं. उमरखेडजवळ एका नातेवाइकांकडे मुक्कामाला होतो, तेव्हा मात्र एकाच रात्री घरात दोन गजर वाजले. पहिला बापाचा, मोटरीसाठी. दुसरा कॉलेजात शिकणाऱ्या पोराचा. पोरगं उठून बसलं, अंधारात मोबाइलवर चार ठिकाणी बोट टेकवलं आणि पुन्हा पांघरुणात शिरलं. सकाळी विचारलं, तर म्हणालं, "काका, हल्ला येऊन राहिला होता. व्यापाऱ्यायच्या हाती सारा माल दुसऱ्या गावाले पाठवून देल्ला."

पिकाच्याच काळजीनं दोघांची झोप मोडली होती.

खेळाचं नाव ट्रॅव्हियन. २००४ साली जर्मनीत निघालेला, काही उतरवून न घेता ब्राउजरमध्येच चालणारा. सुरुवातीला एक गाव मिळतं आणि गावाभोवती अठरा तुकडे: साधारणपणे चार लाकडाचे, चार मातीचे, चार लोखंडाचे आणि सहा पिकाचे. तुकडा सुधारायला आधी मिनिटं लागतात, मग तास, पुढे दिवस. बांधकामाला हात घातला की बघत बसण्यासारखं काही उरत नाही, आपल्या कामाला लागायचं. फौज ठेवली तर ती दर तासाला धान्य खाते, आणि कोठार रिकामं पडलं की शिपाई उपाशी मरतात. शेतकऱ्याच्या पोराला हा हिशेब शिकवावा लागत नाही. नकाशावर ज्याच्या वाट्याला पिकाचे पंधरा तुकडे असलेली जागा येते, त्याच्याकडे सगळे ज्या नजरेनं बघतात, ती नजर त्यानं बांधाबांधावर पाहिलेली असते.

मला या खेळांचं आकर्षण मनापासून कळतं. बंदूक घेऊन धावण्याच्या खेळात सगळं बोटांच्या चपळाईवर असतं, इथे ते डोक्यावर आणि धीरावर असतं. दगडफेकी यंत्र तासाला नकाशावरची तीनच घरं चालतं. म्हणजे तीस घरांवरचा शत्रू संध्याकाळी निघाला, तर भल्या पहाटे येऊन धडकतो, आणि तो निघाल्याचं तुम्हाला त्याच संध्याकाळी कळतं. मधली सगळी रात्र तुमची. मदत मागा, माल हलवा, नाही तर तो हल्ला खोटा आहे असं मानून गप्प राहा. चाल आणि परिणाम यांच्यामध्ये एवढी मोठी मोकळी जागा सोडणारे खेळ आता फार उरलेले नाहीत. त्या जागेत दिवसाची कामं होतात, परीक्षेचा अभ्यास होतो, आणि मनाच्या तळाशी एक गाव हळूहळू वाढत असतं. हे सुख खरं आहे.

तशी मोकळी जागा मी पहिल्यांदा पाहिली ती आमच्या गल्लीतल्या एका गुरुजींच्या घरी. ते टपालानं बुद्धिबळ खेळत. पंधरा पैशांच्या पोस्टकार्डाचा तो काळ. त्यांच्या कोनाड्यात पुठ्ठ्याचे पट एकावर एक रचलेले असायचे. घराघराला चीर पाडलेली, आणि त्या चिरेत खोचायच्या कागदी सोंगट्या. एक पट म्हणजे एक माणूस. कुणी पंजाबातला, कुणी केरळातला, आणि एक पूर्व युरोपातला, ज्याच्या कार्डावरच्या तिकिटासाठी आम्ही पोरं भांडायचो. कार्डावर चाल लिहायची ती नुसत्या आकड्यांत. उभ्या ओळीला एक ते आठ, आडव्या ओळीला एक ते आठ. ५२५४ म्हणजे राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे. ७१६३ म्हणजे घोडा बाहेर. ५१७१ म्हणजे किल्लेकोट. मल्याळी माणसाला मराठी येत नसे, गुरुजींना रशियन येत नसे, आणि कुणाचं काही अडत नसे. दुसऱ्या महायुद्धात असल्या आकड्यांत गुप्त निरोप असतील या धास्तीनं परदेशी टपालातलं बुद्धिबळ सेन्सॉरनं अडवलं होतं, हे गुरुजींनीच सांगितलं. आमचा पोस्टमन मात्र असा निरोप उघड वाचायचा. सायकल भिंतीला टेकवून आधी कार्डावर नजर टाकायचा आणि ओट्यावरूनच ओरडायचा, "गुरुजी, वजीर मारला बा त्यानं!"

नियमही त्या चालीला शोभणारे होते. दहा चालींना तीस दिवस. कार्ड कधी मिळालं आणि उत्तर कधी टाकलं, दोन्ही तारखा कार्डावरच लिहायच्या. वाटेत टपालाला लागलेला वेळ कुणाच्याच खात्यात मोजायचा नाही. पावसाळ्यात पैनगंगा चढली आणि हदगावकडची वाट बंद झाली, तरी गुरुजींचं घड्याळ थांबलेलं. समोरच्याचं उत्तर ठरल्यासारखंच असेल, तर जर-तरची चाल लिहून कार्डाची एक फेरी वाचवता येई: तुम्ही अमुक खेळलात तर माझं तमुक. ते लिहिण्यात मला फार मोठा विश्वास दिसतो. शेकडो कोसांवरच्या न पाहिलेल्या माणसाचं मन आपल्याला कळलंय, असं पोस्टकार्डावर सही करून सांगायचं. एकेक डाव दोन-दोन वर्षं चालायचा. एकदा मी अधीर होऊन विचारलं, की चाल तर सुचली आहे, मग टाकत का नाही? गुरुजी म्हणाले, "घाई कायची आहे बापा? उद्या रविवार आहे. पेटी उघडत नाही."

ते वाक्य मी विसरलो नाही. त्या डावांना धीमेपणा दिला होता तो टपालखात्यानं. तो दोघांवर सारखाच लादलेला होता, आणि रात्री दोघंही झोपत होते.

ट्रॅव्हियनमध्ये चाल धीमी आहे, पण पेटी कायम उघडी आहे. माझी तक्रार एवढीच, आणि ती मी गंभीरपणे करतो. फौजेला पोचायला दहा तास लागोत, ती पहाटे तीनला पोचणार असेल तर खेळाडूला तीनलाच उठावं लागतं. मग डोक्यापेक्षा जाग्रण जिंकतं. दोन विश्वासू माणसांना आपलं खातं सांभाळायला देण्याची सोय खेळानंच ठेवली आहे, कारण एकट्या माणसाला ते झेपणारं नाही. बांधकामाची रांग लांब करायची तर पैसे मोजून सोनं घ्या. आणि महिनोन्महिने चाललेलं हे जग, कुणाची तरी महाआश्चर्य नावाची इमारत शंभराव्या पायरीला पोचली की पुसलं जातं. पुन्हा एक गाव, पुन्हा अठरा तुकडे. पोस्टाचा डाव संपल्यावर कार्डांची थप्पी तरी हातात राहायची.

याच जातीच्या ट्रायबल वॉर्स या दुसऱ्या जर्मन खेळात काही जगांपुरता एक नियम आहे: रात्रीच्या ठरावीक तासांत बचाव करणाऱ्याचं बळ दुप्पट. खेळ करणाऱ्यांनी आतापर्यंत शोधलेल्या नियमांत मला हा सर्वांत शहाणा वाटतो. झोपलेल्या माणसाच्या बाजूनं कुणीतरी उभं राहिलं. असा नियम सगळीकडे सक्तीचा असावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिकडे पत्रबुद्धिबळ आता टपालातून उठून सर्व्हरवर गेलं आहे. तिथे संगणकाची मदत घेतलेली चालते आणि वरच्या पातळीवरचे बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. धीमेपणात माणूस चुकायला जागा ठेवायचा, यंत्रानं ती बुजवून टाकली. म्हणूनच की काय, खळबळ आता जलद डावांत उरली आहे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत कोनेरू हंपीविरुद्धचे दोन्ही सावकाश डाव बरोबरीत गेले, आणि निकाल लागला तो जलद टायब्रेकमध्ये. तो टायब्रेक मी श्वास रोखून पाहिला, मला तो फार आवडला. तरी खेळायला बसायचं झालं, तर मी अजूनही तीन दिवसांना एक चाल हाच डाव मांडतो, आणि त्यात रविवारची सुट्टी आधीच ठरवून घेतो.