थर्माकोल, तार आणि मामाचा आकडा

माझ्या सांगलीच्या मामाचा हात थर्माकोलवर बसलेला. गणपतीची मखरं हा त्याचा हंगाम. कमानी, महिरपी, जाळ्या, सगळं तापलेल्या तारेनं कापायचा. २०१८ साली राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि ते काम थांबलं. (बंदी चूक आहे असं तोही म्हणत नाही. विसर्जनानंतर कृष्णेत काय तरंगायचं ते त्यानं घाटावरून बघितलंय.) पण हातातलं कसब काही सरकारी आदेश वाचून निघून जात नाही ना!

इकडे साताऱ्यात मला रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांचा नाद. आमच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्कीचं पातं कधी नीट बघितलंय? तोही एक पंखच. टोकाकडे निमुळता आणि किंचित पिळलेला. माझ्या विमानाचा पंखही निमुळताच हवा होता: मुळाशी २४ सेंटिमीटर, टोकाशी १६.

असा पंख कापायचा तर ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना पंखाच्या छेदाचे दोन साचे लावायचे, एक मोठा, एक छोटा. धनुष्याला ताणलेली नायक्रोमची तार त्यांच्यावरून फिरवायची. तार तापली की लांबते, म्हणून धनुष्याला स्प्रिंग. साच्यांवर सारखेच आकडे लिहायचे आणि दोघांनी दोन टोकं धरून ओरडायचं, "एक... दोन... तीन..." म्हणजे दोन्ही टोकं एकाच वेळी पोचतात.

हे साचे काढायला सॉफ्टवेअर आहे. क्लार्क-वाय, नाका २४१२ असा छेद निवडा, लांबी द्या, पिळ द्या, वर चिकटवायच्या पत्र्याची जाडी वजा करा, छापा. मात्र एका चौकटीत ते आपल्यालाच विचारतं: तार किती जाडीचा थर वितळवते?

गंमत बघा. दोन्ही टोकं सारख्याच वेळात पोचायची, पण छोट्या साच्यावरचं अंतर दोन तृतीयांशच. म्हणजे तिथं तार हळू चालते, जास्त वेळ रेंगाळते, जास्त वितळवते. म्हणून मुळाचा आकडा वेगळा, टोकाचा वेगळा.

तो आकडा कुठून आणायचा? मी मामाकडे गेलो. त्यानं लॅपटॉपकडे बघितलं आणि म्हणाला, "अरे, तुझ्या कॉम्प्युटरला विचार, आज लाईट किती व्होल्टनं येतेय?"

मग एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधून उरलेल्या शीटचे तुकडे काढले. दार उघडं ठेवलं (धूर वाईट), आणि मामानं चार चिरा मारल्या. पहिलीला खड्डे पडले. तार फार तापलेली. चौथीत मागे केसासारखे बारीक तंतू निघाले. "हं, ही," म्हणाला. मी ती चीर मोजली, आकडे भरले. पंख उतरला तो पॉलिश करायचीही गरज नव्हती!

आता अधूनमधून इंजिनिअरिंगची पोरं त्याच्याकडे पंख कापायला येतात. मखराच्या एका हंगामाची कमाई त्यातून होत नाही, हे खरं. पण पोरं आकडे मांडतात, तो चीर बघून मान हलवतो किंवा हलवत नाही, आणि पोरं आकडा बदलतात.

परवा त्यानं विचारलं, "ते सॉफ्टवेअर मराठीत येतं का रे?" मी अजून शोधतोय. असो.