मूत्रपिंडाला प्राणवायू कळतो

अबुधाबीस मुलीच्या घरी येऊन आम्हांस दोन वर्षे झाली. त्याआधी इस्रायलमध्ये तीस वर्षे परिचारिकेचे काम केले, त्यातली बरीचशी डायलिसिसच्या वॉर्डात. एवढे असून मूत्रपिंडाचा आजार आमच्याच घरात शिरला आणि आम्हांस दिसला नाही. सांगताना संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे.

गेल्या वर्षी आमच्या यजमानांचा चेहरा पांढुरका दिसू लागला. जिना चढताना दम लागे. येथला उन्हाळा म्हणजे भट्टीच, म्हणून आम्ही दोष उन्हाला दिला. हिमोग्लोबिन १० निघाले. एका दवाखान्यात लोहाच्या गोळ्या दिल्या. घरी आम्ही बीट नि पालेभाजीचा मारा केला. आठ महिने गेले. गोळ्यांनी पोट तेवढे बिघडले, रक्त वाढेना. शेवटी मुलीने हट्टाने क्रिएटिनिन तपासून घेतले. ते १.९ होते! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

लोहाची उणीव नव्हतीच. "रक्त तयार करा" असा हाडांतल्या मज्जेस हुकूम देणाराच थकला होता. तो हुकूम म्हणजे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक, आणि मोठ्या माणसात ते मुख्यतः मूत्रपिंडात तयार होते. आमच्या उमेदवारीच्या काळात रोग्यांना पुन्हा पुन्हा रक्त चढवावे लागे. १९८९ साली अमेरिकेत या संप्रेरकाच्या इंजेक्शनाला मान्यता मिळाली. पुढे ते आमच्या वॉर्डातही आले. पिवळट ओठांवर रंग चढताना आम्ही पाहिला आहे.

पण रक्त कमी पडले हे मूत्रपिंडाला कळते कसे? याचा उलगडा केल्याबद्दल २०१९ चे नोबेल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना मिळाले. यांतले रॅटक्लिफ मूळचे मूत्रपिंडाचेच डॉक्टर. पेशीत हिफ नावाचे प्रथिन सारखे बनत असते. प्राणवायू पुरेसा असला की दुसरे एक प्रथिन त्यावर खूण करते आणि पेशी त्याचा काही मिनिटांत निकाल लावते. प्राणवायू घटला की खूण होत नाही. हिफ टिकते, आणि त्याच्या सांगण्यावरून संप्रेरक बनते. आजारी मूत्रपिंडात मात्र बारीक रक्तवाहिन्या नष्ट होतात, पेशी प्राणवायूवाचून तळमळतात, तरी हुकूम पुरेसा सुटत नाही.

क्रिएटिनिन बोलू लागते ते बहुधा निम्मे काम थांबल्यावर. म्हणून या प्रथिनांच्या मापावरून आजार आधी ओळखता येईल का, याचा शोध चालू आहे. अडचण अशी की हिफ फार अल्पायुषी. शिवाय इतर आजारांतही ते वाढते. रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात आमचा जन्म गेला, तेव्हा नळी प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत काय होत असेल ते आम्ही ओळखून आहोत! तूर्त रोग्याच्या हाती क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन याच चाचण्या आहेत. खूण करणाऱ्या प्रथिनाला अडवणाऱ्या गोळ्या मात्र निघाल्या. भारतात डेसिडुस्टॅटला २०२२ साली मान्यता मिळाली.

यजमानांची तपासणी आता दर तीन महिन्यांनी होते. पोटॅशियम वरच्या टोकाला, म्हणून खजूर बंद. शेजारीण दर आठवड्याला बशी भरून पाठवते. आम्ही ती फडताळात वर ठेवतो, आणि संध्याकाळी मोजतो.