सहा व्होल्ट

टेप बंद पडला की आमच्याकडे पहिला उपाय उन्हाचा. सेल काढायचे, ओट्यावर मांडायचे, चांगले तापले की परत घालायचे. टेप खरंच दोन-तीन गाणी चालायचा. उन्हाने सेलच्या आतली रासायनिक क्रिया जरा वेग घेते, एवढंच. खर्ची पडलेलं जस्त काही परत येत नाही. साध्या कार्बनच्या सेलमध्ये बाहेरचं भांडंच जस्ताचं असतं. तेच त्याचं ऋण टोक, आणि वीज देता देता ते आतून खाल्लं जातं. म्हणून संपलेला सेल टेपमध्ये विसरला की कधीतरी त्या भांड्याला भोक पडतं, आतला रस पाझरतो, आणि पुढे कोणी झाकण उघडलं की स्प्रिंगवर हिरवा-पांढरा थर दिसतो. देऊळगाव राजात आणि आजूबाजूच्या खेड्यांत माळ्यांवर असे टेप अजून पडून आहेत. मी ते मागून आणते, दुरुस्त करते. मला त्यांच्याबरोबरच्या कॅसेटी ऐकायच्या असतात. सिनेमाच्या गाण्यांच्या नव्हे, घरी भरलेल्या.

आमचा टेप बाबांनी जालन्याहून आणला होता. जालना इथून जवळ. बुलढाणा जिल्ह्याचं ठिकाण असलं तरी बाजारहाटाला, दवाखान्याला आणि पार्टला आम्ही जालन्याकडेच वळतो. आमचं गाव वऱ्हाडाच्या कडेला आणि जालना मराठवाड्यात, पण ही हद्द गिऱ्हाइकांनी कधी मानली नाही. टेप जपानी बनावटीचा, चपटा, पुढच्या कडेला बटणांची रांग, त्यातलं एक लाल. उचलायला मूठ आणि माइक आतच बसवलेला. पोटात चार मधल्या मापाचे सेल. दीड व्होल्टचे चार, म्हणजे सहा.

अशा यंत्रांची सगळी कुळकथा या सेलांशी बांधलेली आहे. फिलिप्सने 1963 साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट आणि तिच्यासाठीचा छोटा रेकॉर्डर मांडला, तेव्हा तो सेलवर चालणाराच होता. त्याच्या आधी, 1951 च्या सुमारास, स्टेफान कुडेल्स्की यांनी स्वित्झर्लंडमध्ये ‘नाग्रा’ नावाचा रेकॉर्डर बनवला. त्याची मोटार चावी देऊन चालायची. आवाज माणसाच्या घरी जाऊन घ्यायचा तर वीज आपल्याबरोबर न्यावी लागते, हे त्या लोकांनी आधी ओळखलं होतं. आमच्या भागात तर याला पर्यायच नव्हता. लाइन असली तर व्होल्टेज नाही, व्होल्टेज असलं तर लाइन केव्हा जाईल याचा भरवसा नाही. पुढे 2005 नंतर भारनियमनाचं वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून यायचं तेव्हा लोक वैतागले. त्याआधीची लाइन वेळापत्रक न सांगता जायची.

बाबा शिक्षक होते, मिस्त्री नव्हते. पण यंत्राकडे बघायची त्यांची एक रीत होती आणि ती त्यांनी मला दिली. टेप मुका झाला की ते म्हणायचे, “खोलू नको. करंट कुठवर येते ते आधी पाह्य.” सेलपासून सुरुवात करायची. मीटरवर सेल दीड व्होल्ट दाखवतो म्हणून तो चांगला असं समजायचं नाही, कारण नुसत्या मीटरला वीज जवळजवळ लागतच नाही. प्लेचं बटण दाबायचं, मोटार फिरू द्यायची आणि तेव्हा मोजायचं. थकलेला सेल मोटारीचा भार आला की खाली बसतो. चार सेलांत एकच असा असला तरी बाकीच्या तिघांची मेहनत तो अडवून धरतो. म्हणून जुने-नवे सेल एकत्र घालायचे नाहीत. आता लोक चार्ज होणारे सेल घालतात. त्यांचं व्होल्टेज मुळात सव्वाच्याही जरा खाली. चारांचे पाचही भरत नाहीत. काही टेप ते चालवून घेतात, काही नाही.

सेल चांगले निघाले की मग स्प्रिंगा आणि पट्ट्या. पाझर कोणत्या सेलचा आहे त्यावर औषध ठरतं. साध्या कार्बनच्या सेलचा रस आम्लधर्मी, त्याला खायच्या सोड्याचं पाणी. अल्कलाइन सेलचा त्याच्या उलट, त्याला लिंबू किंवा व्हिनेगर. कापूस काडीला गुंडाळून हलक्या हाताने लावायचं, पुसायचं, पूर्ण सुकू द्यायचं. काचपेपरने खसाखस घासलं की पट्टीवरचा चकचकीत मुलामा जातो आणि खालचं लोखंड दोन पावसाळ्यांत गंजतं. एवढ्याने चाललं नाही तर स्प्रिंगपासून निघालेली तार बघायची. वरून धडधाकट दिसणाऱ्या तारेत तो हिरवा रोग प्लॅस्टिकच्या आतून बोट-दोन बोटं सरकलेला असतो. तेवढी तार कापायची, नवी जोडायची, डाग द्यायचा.

यानंतर मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेला बिघाड येतो. टेप एलिमिनेटरवर, म्हणजे घरच्या विजेच्या अडॅप्टरवर, चालतो, सेलवर चालत नाही; सेल नवे घातले, स्प्रिंगा चकचकीत केल्या, तरी नाही. लोक इथे हार मानतात. दोष बहुतेक वेळा एलिमिनेटरची पिन जिथे घालतात त्या सॉकेटात असतो. त्या सॉकेटात एक बारीक पट्टी असते. पिन आत गेली की ती बाजूला ढकलली जाते आणि सेलचा रस्ता तुटतो, म्हणजे बाहेरची वीज सेलांत घुसू नये. पिन काढली की पट्टीने परत येऊन टेकायचं असतं. वर्षानुवर्षं कोणी पिन घातली-काढली नाही, किंवा कायम घालूनच ठेवली, तर त्या टेकायच्या जागेवर काळपट थर बसतो. सेलची वीज तिथपर्यंत येते आणि उभी राहते. पिन चार-सहा वेळा घालून काढली, वाटल्यास कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारला, की पुष्कळदा टेप बोलू लागतो. हे मला पहिल्यांदा जमलं तेव्हा मी शाळेत होते आणि बाबांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. इतक्या क्षुल्लक जागेवर एवढं अवलंबून असावं याचं मला त्या वयात नवल वाटलं, आणि ते अजून गेलेलं नाही.

एलिमिनेटरबद्दल दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. त्यावर सहा लिहिलं असलं तरी भार नसताना जुना एलिमिनेटर आठ-नऊ व्होल्टही दाखवतो. आणि पिनच्या मधे धन की ऋण, हे टेपच्या पाठीवरच्या छोट्या खुणेवरून बघून घ्यायचं. त्या काळच्या कितीतरी जपानी टेपांत मधे ऋण असतं, आजच्या बहुतेक अडॅप्टरांत मधे धन. उलटी वीज गेली तर आतलं सर्किट जळायला एक क्षण पुरतो. टेप चालतो पण आवाजाखाली सतत गुणगुण येते, तेव्हा आतला किंवा एलिमिनेटरमधला कंडेन्सर सुकलेला असतो. तो बदलायला फार पैसे लागत नाहीत. आणि मोटारीचा आवाज येतो पण चाकं फिरत नाहीत, तेव्हा विजेला दोष देऊ नये. रबराचा पट्टा विरघळून डांबर झालेला असतो.

आता ज्याच्यासाठी हे सगळं मनात राहिलं ते सांगते. आजी मेहुणा राजाकडच्या खेड्यातली, चोखोबांचं जन्मस्थान म्हणून जे गाव ओळखतात त्याच्या शिवारापलीकडची. तिच्या ओव्या भरून घ्यायच्या असं बाबांनी मनावर घेतलं. ओट्यावर टेप ठेवला आणि म्हणाले, “माय, म्हण एक.” ती म्हणाली, “जात्याबिगर कशी येईन ओवी?” तोवर गावात पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षं झाली होती आणि जातं फक्त डाळ भरडायला उरलं होतं. विजेने ज्या कामातून बायांची सुटका केली त्या कामातच ही गाणी राहत होती. मी त्या सुटकेबद्दल कधी हळहळणार नाही. आजीचे खांदे मी दाबून दिले आहेत. पण गाणी घेऊन ठेवायला पाहिजे होती. मग जातं मांडलं, मूठभर डाळ घातली, पहाटेची वेळ धरली, आणि ती म्हणू लागली. लाइन नव्हती. टेप सेलवर होता.

त्या कॅसेटची पहिली बाजू उत्तम आहे. दुसऱ्या बाजूला, अर्ध्यानंतर, आजीचा आवाज हळूहळू वर चढतो. आधी वाटतं की ती रंगात आली. मग जात्याची घरघरही वर चढलेली कळते, आणि शेवटच्या ओव्या कोणी पोरसवदा बाई घाईघाईने म्हणते आहे असं वाटतं. गाताना काहीच झालेलं नव्हतं. सेल उतरत होते. टेपचा ठरलेला वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. सेल उतरले, मोटार मंदावली, फीत सावकाश सरकली आणि तेवढ्याच आवाजाला कमी लांबीची फीत मिळाली. पुढे चांगल्या विजेवर ती नेमक्या वेगाने वाजवली की आवाज दाटीने आणि उंचावून बाहेर येतो. वेग सहा टक्क्यांनी कमी असेल तर सूर अख्खी एक पट्टी वर. वाजवताना सेल उतरले तर आवाज जड होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सेल बदलले की ते मिटतं. भरताना सेल उतरले तर ते फितीवर कायम राहतं.

संगणकावर वेग परत खाली आणता येतो. प्रश्न असतो किती आणायचा. कीर्तन किंवा भजन असेल तर पेटी साथीला असते, आणि पेटीचे सूर बांधलेले असतात; काळी एक जिथे लागायला हवी तिथे लागेपर्यंत वेग कमी करत जायचं. एलिमिनेटरवर भरलेलं असेल तर विजेची गुणगुण मोजपट्टीसारखी वापरता येते, कारण ती सेकंदाला पन्नासच्या हिशोबाची. पण तिच्यावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडची ग्रिडची फ्रिक्वेन्सी संध्याकाळच्या भारात पन्नासच्या चांगलीच खाली जायची. आपल्या पश्चिम विभागात 2002 मध्ये विजेच्या दराची नवी पद्धत आली, ठरल्यापेक्षा जास्त ओढणाऱ्याला महाग पडू लागलं, तेव्हा ती सावरली. म्हणजे आपल्या राज्याच्या विजेचा तुटवडासुद्धा घरोघरच्या कॅसेटींत भरला गेलेला आहे. आजीच्या ओव्यांत पेटी नाही, गुणगुण नाही. पहिल्या बाजूचा तिचा सूर आणि आत्याचा कान, एवढाच आधार. आत्या डोळे मिटून ऐकायची आणि “अजून खाली, अजून, हां, ही माय” म्हणायची. मी तिथे थांबले. मूळ प्रतही तशीच ठेवली आहे, चढत जाणाऱ्या आवाजासकट, कारण माझा अंदाज चुकला असेल तर पुढच्याला मुळापासून मोजता यावं.

ओव्या घेऊन ठेवायचं काम मोठ्या प्रमाणावर आणि शिस्तीने झालं ते पुण्याहून. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या, आणि महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक खेड्यांतून एक लाखाच्या वर ओव्या नोंदल्या गेल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि शंभराहून जास्त तासांचं ध्वनिमुद्रण उभं राहिलं. तो संग्रह पुढे ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहालयाने सांभाळला आणि आज कोणालाही ऐकता येतो. त्या ओव्या ऐकताना बाईचं नाव, गाव, सगळं समोर येतं. आमच्या माळ्यांवरच्या कॅसेटींवर पुष्कळदा तेही नसतं. शाईने लिहिलेलं ‘बाई’ किंवा ‘काकड आरती’, कधी नुसती तारीख. ज्याने लिहिलं त्याला पुरेसं होतं.

म्हणून मी टेप आणि कॅसेट वेगवेगळ्या मागत नाही. घरच्यांना म्हणते, दोन्ही द्या, आणि घरातलं सगळ्यात वयस्क माणूस ऐकायला बसेल असा दिवस सांगा. बंद टेपमध्ये घरची एकुलती एक कॅसेट घालून तो चालतो का बघणाऱ्यांना मी हात जोडून थांबवते. व्होल्टेज मध्येच पडलं तर फीत गुंडाळणारं चाक थांबतं, पुढे ढकलणारं फिरत राहतं, आणि फीत आत गोळा होते. आधी वीज नीट, मग बिनमहत्त्वाची कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण, मग ती. आणि ती पहिल्यांदा वाजते तेव्हाच उतरवून घ्यायची, कारण जुनी फीत दुसरी संधी देईलच असं नाही.

आश्विनात बालाजी महाराजांच्या यात्रेला गावोगावचे पाहुणे येतात, आणि माझी निम्मी कामं तिथेच ठरतात. यंदा देऊळगाव महीकडच्या एका घरातून निरोप आला आहे. टेप सेलवर चालत नाही, एलिमिनेटर हरवलेला, आणि आजोबांच्या हरिपाठाच्या दोन कॅसेटी. मी फोनवर विचारलं, मागे पेटी वाजते का? वाजते म्हणाले. पेटी अजून घरात आहे. ती घेऊन या, असं मी त्यांना सांगितलं आहे.