चिमटीतलं वजन

आमच्या सारसोळ्यात पहिला पाऊस पडला की शेतातले बेडूक हळदीसारखे पिवळे व्हायचे आणि रात्रभर ओरडायचे. तेच बेडूक बारावीला पुन्हा भेटले, मेणाच्या ट्रेवर, चारही पाय टाचण्यांनी खिळलेले. गावात तो बेडूक होता, कॉलेजात ‘राना टायग्रिना’. गोणपाटातून यायचा, क्लोरोफॉर्मच्या बरणीतून आमच्यापर्यंत पोचायचा. पोट उघडल्यावरही त्याचं हृदय धडधडत असायचं. तेवढा वेळ सगळी प्रयोगशाळा गप्प व्हायची. मग कोणीतरी पेन्सिलीला टोक काढायचं, आणि जर्नलात आकृती सुरू व्हायची.

माझ्या भाचीने कॉलेजात एकही बेडूक चिरला नाही. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातलं विच्छेदन बंद केलं. ती पडद्यावर बोट फिरवते आणि कातडी बाजूला होते. चुकलं तर मागे जाऊन कातडी पुन्हा मिटवते. बेडकाचं शास्त्रीय नावसुद्धा बदललंय, ‘होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस’. जे बंद झालं ते बंदच व्हायला हवं होतं. आमच्या वर्गातले बहुतेक जण पुढे बँकेत गेले, शाळेत गेले, संसारात रमले. त्यांच्या बेडकांनी कुठलाही आजार उलगडला नाही. केवळ हाताचं कसब कमावण्यासाठी शक्यतो प्राण्यांवर प्रयोग करू नयेत, हे १९६० च्या कायद्यातच लिहिलं होतं. आम्हाला ते कोणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

विचारलं ते आईने. ती रोज जेट्टीवरून आलेली मासळी साफ करायची. रक्त तिला नवं नव्हतं. तरी माझ्या हाताचा फॉर्मेलिनचा वास आला की म्हणायची, “आमी खावाला मारताव, तू कनाला?” मी चिडून उठून जायचे. उत्तर नसलं की माणूस चिडतो, हे तेव्हा कळत नव्हतं.

उत्तर सापडल्यासारखं वाटलं ते एम.एस्सी.नंतर, एका प्रयोगशाळेत उंदरांबरोबर काम करताना. कमल रणदिवे आमच्या पिढीचं दैवत. पुण्यात जन्मलेल्या, परळच्या कॅन्सर संशोधन केंद्रात डॉ. खानोलकरांच्या हाताखाली घडलेल्या. त्यांच्या तिथे जोपासलेल्या उंदरांच्या एका वाणाला केंद्राचंच नाव मिळालं, ‘आयसीआरसी’. त्या माद्यांना स्तनाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात व्हायचा. उंदरांमध्ये एक विषाणू आईच्या दुधातून पिलांत उतरतो. आनुवंशिकता, संप्रेरकं आणि तो विषाणू यांचा धागा रणदिव्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उंदीर वाढवून शोधला. पिढ्या म्हणजे उंदरांच्या. माणसाच्या पिढ्या मोजत बसलो असतो तर एका आयुष्यात काय हाती लागलं असतं?

आमच्याकडे पिंजऱ्यात भाताचा तूस अंथरायचे. सारसोळ्याच्या मुलीला तूस काय नवा! पण त्या तुसात हात घालून शेपटी धरायची, दुसऱ्या हाताने मानेवरची सैल कातडी चिमटीत घ्यायची आणि उंदीर उलटा केला की त्याच्या छातीची फडफड बोटाला लागायची. गणपतीच्या दिवशीसुद्धा कोणीतरी पाण्याच्या बाटल्या बदलायला जायचंच. प्राणिघर सांभाळणारे मामा शेवटच्या दिवशी उंदराच्या पाठीवरून एकदा बोट फिरवायचे. त्यांनी ते आम्हाला शिकवलं नाही. बघून बघून आमचंही बोट फिरायला लागलं.

त्या दिवसांना मी सोन्याचा मुलामा देणार नाही. दाटीवाटीचे पिंजरे, मे महिन्यात वीज गेली की बंद पडणारे पंखे. एका सोमवारी आम्ही एक आख्खी रांग मेलेली पाहिली. त्यांच्या मरणाचा कोणाला उपयोग झाला नाही, आणि मला त्याची अजून लाज वाटते.

परळची ती संस्था २००२ पासून खारघरला आहे, आमच्या सारसोळ्यापासून अगदी जवळ. रणदिव्यांच्या पुढाकाराने १९७३ मध्ये उभी राहिलेली स्त्री-वैज्ञानिकांची संघटनाही इथेच, वाशीत आहे. आम्ही शिकत होतो तेव्हा वाशीला रेल्वेसुद्धा नव्हती. भाची काम करते तिथे प्रत्येक पिंजऱ्याला स्वतंत्र गाळलेली हवा मिळते. काम आधी पेशींवर, मग संगणकावर. अगदीच अडलं तर प्राण्यावर. २०२३ पासून नव्या औषधांच्या नियमांतही अशा पर्यायी चाचण्यांना जागा मिळाली आहे. प्राणी हवाच असेल तर नीतिसमितीपुढे अर्ज करायचा.

परवा तिने तो अर्ज मला दाखवला. प्राणी कशासाठी हवा, त्याशिवाय का भागत नाही आणि इतकेच का, याची उत्तरं त्यात लिहायची होती. मी चष्मा लावून तो रकाना दोनदा वाचला. आईचा प्रश्न, छापील. तिला जाऊन अकरा वर्षं झाली.

“आत्या, इथे एवढं का थांबलीस?” भाचीने विचारलं. मी म्हटलं, तू उंदीर कसा धरतेस ते दाखव. आधी रबरी उंदरावर सराव करून घेतला होता म्हणाली, आणि उशीचा अभ्रा चिमटीत धरून तिने दाखवलं. पकड चांगली होती, माझ्यापेक्षा हलकी. मग तिने मोकळ्या हाताचं एक बोट अभ्र्यावरून सावकाश फिरवलं. हे कोणी शिकवलं, असं विचारलं तर ती म्हणाली, “काय?”